जावयाचा ठोकळा

पहिला ठोकळा मी पोळपाटाला चिकटवला. मुद्दाम नाही. सरस लावून दोन लाकडं एकमेकांवर दाबून ठेवायची तर खाली सपाट काहीतरी लागतं, आणि आमच्या घरात पोळपाटाइतकं सपाट दुसरं काही नाही, हे मी आधीच हेरून ठेवलं होतं. रविवारी दुपारी बायकोचा डोळा लागला तसा मी पोळपाट गॅलरीत नेला, त्यावर ठोकळा मांडला, वजन म्हणून वर पाण्याने भरलेला कुकर ठेवला आणि मोठं काम उरकल्याच्या थाटात पेपर उघडला. सरस किती लावायचा याचा अंदाज असणाऱ्यांची गोष्ट वेगळी. मी पुरणपोळीवर तूप सोडावं तसा सोडला होता. तो दोन्ही अंगांनी ओघळला, खाली उतरला, आणि संध्याकाळी बायको कणीक मळून पोळपाट शोधत गॅलरीत आली तेव्हा दोघांचा संसार सुरू झालेला होता.

"हे काय आहे?"

"आबांच्या मशीनसाठी," मी म्हणालो. वडिलांचं नाव काढलं की ती मवाळ होते, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव.

"आबांच्या मशीनवर आता पोळ्या लाटायच्या आहेत का?"

त्या दिवशी आमच्याकडे भाकरी झाली. जेवणानंतर सुरी, हातोडी आणि गरम पाणी यांच्या मदतीने मी पोळपाट सोडवला. कडेचा एक टवका गेला तो गेलाच. ठोकळ्याचेही दोन तुकडे झाले. पण ठोकळा करायचाच होता, त्याला इलाज नव्हता.

आबा म्हणजे माझे सासरे. भडगावला राहतात. घराच्या मागे पत्र्याची शेड आहे, तिथे त्यांचं सुतारकाम चालतं. चौकटी, दारं, चौरंग, पाळणे, आणि सगळ्यात जास्त म्हणजे खिडक्यांना डासांची जाळी बसवायच्या लाकडी पट्ट्या. या पट्ट्या ज्या मशीनवर फाडतात ते मशीन म्हणजे एक लोखंडी टेबल. टेबलाच्या मधल्या खाचेतून गोल पातं वर आलेलं, खाली मोटार, आणि मोटारीचं फिरणं पात्यापर्यंत नेणारा रबरी पट्टा. फळी हाताने पुढे सरकवायची आणि पातं ती फाडत जातं. फळी लांब असेतोवर काही नाही. पण शेवटची वीतभर राहिली की हात पात्याच्या अगदी शेजारी येतो. आबांनी सगळं आयुष्य तो हात तसाच नेला आणि पाचही बोटांनिशी परत आणला.

साखरेचा आजार त्यांना जुना आहे. अलीकडे बोटांच्या टोकांना काही कळेनासं झालं. चहाचा कप गरम आहे की गार, हे ते मनगटाला लावून बघायचे. आम्ही ते पाहत होतो, पण त्याचा मशीनशी संबंध कुणीच जोडला नाही. मग एके दिवशी पट्ट्या फाडताना पात्याने करंगळी खरवडली. फार खोल नाही, पण आबांना पत्ताच नाही. पुढची पट्टी उचलली तर तिच्यावर लाल. शेडमध्ये शेजारचे नाना पान चघळत बसलेले असतात. आबा त्यांच्यावर ओरडले.

"पट्टीवर थुकना का रे नाना?"

"मी नही थुकनू," नाना म्हणाले. "तुनी करंगळी देख पहिले."

ही हकीकत नाना अजून हसत हसत सांगतात, आणि सांगून झाल्यावर हसत नाहीत.

माझ्या मेहुण्याचं गावात मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. तो त्याच संध्याकाळी आला, मशीनचा पट्टा काढला आणि सासूबाईंच्या साड्यांच्या कपाटात ठेवून किल्ली आपल्या खिशात टाकली. आबा दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे शेडमध्ये जाऊन बसले. टेबल पुसलं, तेल दिलं. गिऱ्हाईक आलं तर म्हणायचे, "पट्टा तुटेल शे," म्हणजे तुटलाय. मुलाने कुलपात ठेवलाय असं कसं सांगणार? असं पुष्कळ दिवस चाललं. पट्टा तुटून इतके दिवस कुणी बसतं का, असं गिऱ्हाइकांना वाटायला लागलं आणि ती यायची थांबली.

बायको त्यांना रोज फोन करते. पूर्वी आबा तिला कुणाच्या दाराला काय नक्षी काढली, कुणाचं लाकूड ओलं निघालं, हे ऐकवायचे, आणि ती भाजी निवडत हं हं करायची. आता विचारायला लागले, "जळगावले ऊन कसं शे?" भडगावहून जळगाव ते किती! ऊन काय निराळं पडणार? पण रोज तेच. फोन ठेवून बायको म्हणायची, "आज पण ऊनच. लाकडाचा एक शब्द नाही."

शेवटी तिने भावाला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, मला का हौस आहे? चाळीसगावचा एक माणूस मशीन घ्यायला तयार आहे. संक्रांतीनंतर येतो म्हणालाय. त्याच्या आत आबांचा हात पात्यापासून लांब राहील अशी काही सोय करा, मी पट्टा स्वतः बसवून देतो. नाहीतर मी मशीन देऊन टाकणार. मला बाप पाहिजे, मशीन नको."

त्याचंही चूक नव्हतं. फोन स्पीकरवर होता आणि मी समोर बसलो होतो. माझ्या तोंडून निघून गेलं, "मी करतो."

मेहुणा म्हणाला, "कोण? दाजी?" आणि बायको माझ्याकडे बघतच राहिली. आमच्या घरात फळी भिंतीला ठोकायची तरी माणूस बोलवावा लागतो. मागे एक फळी मी ठोकली होती, तिच्यावर ठेवलेली वाटी आपली आपण चालत खाली यायची.

पण मी फोनवर पाहून ठेवलं होतं. जगभरचे सुतार अशा मशीनवर हाताऐवजी एक ठोकळा वापरतात. ते त्याला पुश ब्लॉक म्हणतात, आमच्या घरी ठोकळाच झाला. करायला साधा असतो. बुडाला प्लायचा जाड तुकडा, त्याच्या खाली रबर, म्हणजे फळीवर घट्ट बसावा आणि सरकू नये. वर धरायला मूठ, हात पात्याच्या वर राहील इतकी उंच. आणि मागच्या बाजूला खाली उतरलेली टाच, जी फळीच्या शेपटीला अडकून तिला शेवटपर्यंत पुढे ढकलते. फळी संपते तिथे पातं टाचेला लागतं. लागू द्यायचं. बोटाऐवजी तिने कापून घ्यावं म्हणूनच ती असते. टाच फार कुरतडली गेली की ठोकळा टाकायचा आणि दुसरा करायचा.

हे शेवटचं वाक्य मी वाचलं होतं, पण डोक्यात शिरलं नव्हतं.

पोळपाटाच्या प्रकरणानंतर मी इरेला पेटलो. दुसरा ठोकळा असा करायचा की भडगावने बघत राहावं. मूठ कशाची करावी? आमच्याकडे एक सागवानी खुर्ची होती. ती मी बसलो असताना मोडली, त्यावर अधिक बोलण्यात अर्थ नाही. तिचा हात शिल्लक होता, वर्षानुवर्षं टेकून गुळगुळीत झालेला. तो कापला. रबराच्या जागी योगासनाची चटई कापून लावली. ती एका जानेवारीत मोठ्या निश्चयाने आणली होती, आणि तिचा पहिला उपयोग हाच. मग पॉलिश पेपर. जाड, मध्यम, बारीक. संध्याकाळी कामावरून आलो की घासत बसायचं. कडा गोल केल्या, टाचेला सुद्धा हलकासा बाक दिला. वर पॉलिशचे हात मारले, एक वाळला की दुसरा. शेवटी तो ठोकळा असा झाला की मी येता-जाता त्याच्यावरून हात फिरवायला लागलो. बायकोने एकदा हातात घेऊन उलटासुलटा पाहिला आणि काही न बोलता खाली ठेवला. आमच्याकडे याला शाबासकी म्हणतात.

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी पाचोऱ्यावरून भडगाव गाठलं. सासूबाईंनी भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकऱ्या केल्या होत्या. लग्नाला एवढी वर्षं होऊनही मी तिथे पाव्हना. मला पाट, मला आधी वाढणं, माझ्या पानातलं संपायच्या आत पुन्हा वाढणं. आबांनी अर्धी भाकरी खाऊन हात धुतला. मी आणि बायकोने एकमेकांकडे पाहिलं.

जेवणानंतर मी, बायको आणि मेहुणा आबांबरोबर शेडमध्ये गेलो. पिशवीतून ठोकळा काढून मी टेबलावर ठेवला. नाना हजर होतेच. त्यांनी मान वाकडी करून पाहिलं.

"आबा, घरले प्लास्टर कराना इचार शे का? हाऊ तं गवंडीना रंधा शे!"

खरंच तसा दिसत होता. भिंत घोटायला गवंडी जो लाकडी रंधा वापरतात, हुबेहूब तो. फक्त गवंड्यांचा इतका चकचकीत नसतो.

"हासू नको," आबा म्हणाले. "पाव्हन्यास्नी करेल शे." त्यांनी ठोकळा उचलला, मूठ तळहातात घट्ट धरली, सोडली, पुन्हा धरली. "भारी करेल शे, पाव्हनं. मूठ हातमा कशी बसस! बोटले कळत नही, पन तळहातले कळस."

मी हरखलो. मेहुणा आत जाऊन पट्टा घेऊन आला, मोटारीवर चढवला, ताणून पाहिला. मग वडिलांकडे न बघता म्हणाला, "आबा, ठोकळ्यानंच. हात लावायचा नाही."

"हं."

मशीन सुरू झालं. इतक्या दिवसांनी तो आवाज ऐकून सासूबाई पदराला हात पुसत मागच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. आबांनी फळी टेबलावर घेतली, कडेला टेकवली आणि पुढे सारली. भुसा उडाला. फळी अर्ध्यावर आल्यावर त्यांनी ठोकळा तिच्यावर ठेवला आणि ढकलायला लागले. योगासनाची चटई फळीला घट्ट चिकटून होती. हात पात्यापासून चांगला उंच. मी बायकोकडे पाहिलं. मेहुण्याचे खांदे खाली आले.

शेवटची वीतभर उरली. आणि आबांनी ठोकळा अलगद उचलला, बाजूला कापडावर ठेवला, आणि उरलेली फळी अंगठ्याने पुढे ढकलली.

मेहुण्याने झेप घेऊन बटण बंद केलं. पातं गरगरत थांबलं. पट्टी सरळ, सुंदर फाटली होती. अंगठा जागेवर होता.

"आबा!" मेहुणा ओरडला. "काय केलं हे?"

आबांना आमच्या चेहऱ्यांचं कारण कळेना. "का? पातं लागस ना त्याले."

"मग लागू द्यायचं! त्याच्यासाठीच आहे तो!"

"पाव्हन्यास्नी देयेल वस्तू शे," आबा म्हणाले, लहान मुलाला सांगावं तसं. "तिले पातं कसं लागू देऊ?"

मेहुण्याने माझ्याकडे पाहिलं. "दाजी, तुम्ही आबांसाठी ठोकळा केला की ठोकळ्यासाठी आबा?"

बोट वाचावं म्हणून ठोकळा केला होता, आणि आबा आता बोट घालून ठोकळा वाचवत होते.

मेहुण्याने पट्टा काढला. "चाळीसगाववाल्याला मी फोन करतो," एवढंच म्हणाला आणि पट्टा हातात गुंडाळत ओट्यावर जाऊन बसला. नाना पान थुंकायला बाहेर गेले ते तिथेच रेंगाळले.

बायकोने वडिलांसमोर स्टूल ओढलं. बोलायला लागली की ती भडगावचीच होते.

"आबा, यास्नी आनेल धोतर तुम्ही नेसतस ना?"

"नेसस."

"ते फाटस ना?"

"फाटस."

"मंग?"

आबा विचार करून म्हणाले, "फाटनं येगळं, कापनं येगळं, माय."

मी पुढे झालो. म्हटलं, आबा, मी स्वतः आत्ता टाच कापून टाकतो, एकदा खराब झाला की मग तुम्हाला काही वाटणार नाही. मी हातकरवत शोधायला वळलो तर आबांनी ठोकळा उचलून पोटाशी धरला. तेवढ्यात सासूबाई आल्या, त्यांच्या हातून तो घेतला आणि घरात निघून गेल्या. मला वाटलं, जपून ठेवायला नेला. जपूनच ठेवला. देवघरात. कुंकू लावून.

आता प्रकरण कायमचं मिटलं, असं मला वाटलं. बायको मात्र उठली. शेडच्या कोपऱ्यात टाकाऊ तुकड्यांचा ढीग असतो, पाणी तापवायला नेतात तो. त्यातून तिने निंबाचा एक वाकडा तुकडा आणि प्लायची कड उपसून काढली आणि आबांच्या मांडीवर टाकली.

"पाव्हन्यास्ना राहू द्या देवघरमा," ती म्हणाली. "तुम्ही तुमना करा. माले देखू द्या, त्यास्नापेक्षा बरा जमस का तुमले."

आबांनी तुकड्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे, मग चोरून माझ्याकडे. जावयाशी बरोबरी करायची म्हणजे जरा अवघडच. "ठोकळा आन रे," ते मुलाला म्हणाले. "माप तं पाहिजे."

सासूबाईंनी कुरकुरत माझा ठोकळा देवघरातून बाहेर येऊ दिला. आबांनी तो प्लायवर ठेवून पेन्सिलीने भोवती रेघ मारली आणि लगेच परत पाठवला. मग हातकरवत घेतली. हाताने कापताना बोटांना कळलं नाही तरी चालतं, करवत हळू चालते आणि डोळे बघत असतात. बुडाला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चिकटवला. निंबाचा वाकडा तुकडा होता तसाच मूठ म्हणून तिरका बसवला. टाच म्हणून कसलीतरी ढलपी. सगळं खिळ्यांविना, नुसत्या सरसावर, कारण पात्याला खिळा लागता कामा नये. तिथे मात्र त्यांनी सरस मोजून लावला आणि मी दुसरीकडे बघितलं.

वाळेपर्यंत चहा झाला. आबांनी दोन कप घेतले. ठोकळा हातात आला तेव्हा मला बघवेना. कडा कुसळांच्या, मूठ एका बाजूला झुकलेली, पेन्सिलीच्या रेघा तशाच.

"आबा, जरा घासू का? पॉलिशचा एक हात तरी?"

"जो मरालेच चालना," आबा म्हणाले, "त्याले पॉलिश कसाले?"

मेहुणा ओट्यावरून उठला, पट्टा चढवला आणि बटणाशेजारी उभा राहिला. फळी पुढे गेली. अर्ध्यावर वाकडा ठोकळा तिच्यावर बसला. वीतभर उरली. आम्ही सगळे आबांच्या हाताकडे बघत होतो. हात मुठीवरच राहिला. पातं फळीतून बाहेर आलं, टाचेत शिरलं, खर्रर्र झालं आणि ठोकळा पलीकडे गेला. आबांनी तो उलटा करून टाचेतली ताजी खाच पाहिली आणि समाधानाने म्हणाले, "कटनं."

मग दुसरी फळी. मग तिसरी. दिवस मावळेपर्यंत त्यांनी त्याच ढिगातून आणखी दोन-तीन ठोकळे कापून खुंटीला टांगले, पहिला मेला तर असावेत म्हणून. मेहुणा किल्ली खिशातून काढून कपाटालाच लावून आला. चाळीसगावला फोन त्याने केला खरा, पण "मशीन द्यायचं नाही" असं सांगायला. नानांनी जाताना मला बाजूला घेऊन विचारलं, की त्यांच्या घराला खरंच प्लास्टर करायचं आहे, तर तसाच एक मिळेल का.

निघताना सासूबाईंनी देवाला नमस्कार करायला लावला. बाळकृष्णाच्या शेजारी माझा ठोकळा होता, चकचकीत, कुंकवाच्या टिळ्यासकट, त्याच्यावर एक झेंडूचं फूल. मी त्यालाही नमस्कार केला. आबांनी नमस्काराला नाही म्हटलं, मला उराशी धरलं आणि अंगाला भुशाचा वास लागला.

पाचोऱ्यापाशी मी विषय काढला. आनंद झाला होता, पण एक बारीकशी कुरकुर आत होती, तीही प्रामाणिकपणे सांगायला हवी. म्हटलं, "इतकी मेहनत केली. घासून घासून हाताची सालटं निघाली. आणि चाललं काय, तर ते जळाऊ लाकूड."

बायको खिडकीतून अंधारातल्या केळीच्या बागा बघत होती. तिने मान वळवली नाही.

"लग्नाला इतकी वर्षं झाली," ती म्हणाली, "एक वस्तू धड केलीत, तीही देवघरात जाऊन बसली. पुढच्या वेळी नेहमीसारखीच करा. आबा वापरतील."